पगारेताईंचा पाऊण तास

पगारेताईंची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला मारल्यामुळे.

अंबडच्या एमआयडीसीत, विजेच्या स्विचचे सुटे भाग करणाऱ्या आमच्या कंपनीतला माझा तो पहिला दिवस होता. क्वालिटीचा नवाकोरा निळा कोट, खिशात मापं घ्यायचं व्हर्निअर आणि डोक्यात डिप्लोमाची हवा. प्रेस शॉपमध्ये शिरले, एका प्रेसवर पितळेचा एक तुकडा वाकडा पडलेला दिसला आणि तो उचलायला मी सरळ डायखाली, वरून आपटणाऱ्या साच्याखाली, हात घातला. मनगटावर असा फटका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. वळून बघते तर एक बुटकी, जाडसर बाई हातात पितळेची कांब घेऊन उभी.

"हात हाय का चिमटा?"

"मशीन बंद आहे," मी म्हणाले. ते खरोखरच बंद होतं.

"बंद मशीनखालची दोन बोटं मी पिशवीत घालून दवाखान्यात नेलीत. आण इकडं, बघू."

माझं मनगट त्यांनी हिसकावून घेतलं. एकेक बोट उघडायला लावलं, मिटायला लावलं, सांधे चाचपून बघितले. मग नाव विचारलं. निकम, कळवणची, असं सांगितलं. "बरं. क्वालिटी, तिथला चिमटा घे आन मग उचल," म्हणाल्या आणि चालू लागल्या. मनगट चार दिवस सुजलेलं होतं. त्या चार दिवसांत मी त्यांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या पुढच्या बारा वर्षांत कुणालाच दिल्या नाहीत. आणि त्या बारा वर्षांत मी कुठल्याही मशीनखाली हात घातला नाही, हेही सांगून टाकते.

पगारेताई प्रेस लाइनच्या सुपरवायझर होत्या. बाई सुपरवायझर असली की गोड बोलून काम करून घेईल, अशा हिशेबानं साहेबांनी त्यांना नेमलं होतं म्हणे. साहेबांचा अंदाज असा साफ चुकलेला मी पुन्हा पाहिला नाही. ताई चिडल्या की हाताला येईल ते फेकत. स्पॅनर, तेलाचं डबडं, एकदा तर भाजीनं भरलेला जेवणाचा डबा. नेम मात्र फार कच्चा. तो मुद्दाम कच्चा असावा असा मला संशय आहे, कारण इतक्या वर्षांत एक ट्यूबलाइट आणि पाण्याचा एक जार सोडला तर त्यांनी फेकलेलं काही कुणाला लागलं नाही. लागायचा तो त्यांचा हात. तो मात्र अचूक.

हात उठण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असे. प्रेस चालवायला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही तळव्यांनी एकाच वेळी दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा पडताना दोन्ही हात बटणांवर आणि बोटं शाबूत. पण अशानं वेळ जातो. म्हणून कंत्राटी पोरी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून एका बटणावर ताणून बांधत. ते बटण मग दाबलेलंच राहतं. एक हात दुसऱ्या बटणावर, एक हात माल सरकवायला मोकळा. आमच्या जुन्या प्रेसना ते चालायचं आणि तासाचे नग भराभर वाढायचे. याला सगळे 'बटण बांधणं' म्हणत. पगारेताईंच्या लाइनवर बटण बांधलं की थप्पड ठरलेली. मागाहून समज नाही, मेमो नाही, तिथल्या तिथे थप्पड.

मारणं वाईटच. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलंही होतं.

"मग तू समजावून सांग," त्या म्हणाल्या. "मी तवर पिशवी शोधून ठेवते."

पहिली पाळी सातची. ताई सव्वासहालाच येत. एकदा मीही लवकर पोचले आणि बायकांच्या बाथरूममध्ये गेले, तर ताई खाली बसलेल्या. समोर कँटीनमधून आणलेली कढत पाण्याची बादली, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात, डोळे गच्च मिटलेले, आणि दातांवर दात ठेवून कुणाला तरी दम देत होत्या. "सोड, सटवे. सोड म्हनते ना. उघड."

मी हडबडलेच. बाथरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं.

"कुणाशी बोलताय, ताई?"

"सवतीशी," त्यांनी डोळे न उघडता सांगितलं. "दार लाव आन भाईर हो."

बाहेर मी तशीच उभी राहिले. पावणेसातला त्या आल्या तेव्हा हात लालभडक झाले होते. चालता चालता त्यांनी मला जे सांगितलं ते असं की त्यांना संधिवात होता. म्हातारपणी गुडघे धरतात तो नव्हे. हा रक्तातला, अंगानं आपल्याच सांध्यांवर चढाई करायचा. रोज सकाळी बोटं आवळून बसतात, ती उघडायला पाऊण तास लागतो, आणि घरी उघडली तरी गारठ्यात कंपनीत पोचेपर्यंत पुन्हा आवळतात. कधी पंचावन्न मिनिटं, कधी चाळीस, पण डॉक्टरांनी विचारलं की त्यांचं उत्तर 'पाऊण तास'. तेवढा वेळ हातात चमचा धरवत नाही.

त्यांचं माहेर लासलगावचं. आईनं उभा जन्म व्यापाऱ्यांच्या शेडमध्ये कांदा निवडण्यात घालवला. आईची बोटं हळूहळू करंगळीकडे कलंडत गेली, मग मिटली, मग मिटलेलीच राहिली. कांद्याच्या पाण्यानं झालं, गारठ्यानं झालं, कामानं झालं, असं ज्यानं त्यानं सांगितलं आणि आईनं ऐकलं. ताई ते बघत मोठ्या झाल्या. म्हणून एकोणतिसाव्या वर्षी वेणी घालताना स्वतःची बोटं अडकली, तेव्हा त्या तेल लावत बसल्या नाहीत. त्याच आठवड्यात रजा टाकून गंगापूर रोडला मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या.

"डॉक्टर म्हनला, फार लवकर आलात, नशीबवान आहात. मी त्याच्या टेबलावरचा काचेचा गोळा उचलला. डोक्यातच घालणार व्हते."

"मग?"

"मग ठेवला खाली. खरं बोलत व्हता तो."

त्या रोगाशी त्यांचं भांडण सुरू झालं ते असं. औषध वेळेत सुरू झाल्यामुळे बोटं सरळ राहिली, आणि सरळ राहिल्यामुळेच घरात कुणाचा विश्वास बसेना. सासूबाईंना ते कामचुकारपणाचं ढोंग वाटे. नवरा भास्करभाऊ स्वभावानं गरीब, स्वतःचा भाजीचा टेंपो चालवणारा माणूस, पण तोही एक दिवस बोलून गेला. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते.

"मी म्हणालो, तुझे हात तर माझ्याहून सरळ आहेत. एवढंच म्हणालो, निकमताई. ही म्हणाली, हात ठेव इथं. मला वाटलं काही दाखवतेय. ठेवला टेंपोच्या दाराच्या फटीत, तर हिनं दार लोटलं आणि पाठ लावून उभी राहिली."

"किती वेळ?"

"अर्धा मिनिट असंल. मी देवाचं नाव घ्यायला लागलो, घरात देव नसताना."

भास्करभाऊ हसत होते. नवीन फुटलेलं, जरा वेडंवाकडं नख त्यांनी मला दाखवलं. ताई हसत नव्हत्या. त्या माझ्या ताटात वरण वाढत होत्या. "दार उघडलं तवा एकच सांगितलं," त्या म्हणाल्या. "हे रोज. पाऊण तास. आन वरून समद्यांचा सैपाक." असं कुणी कुणाला करू नये, हे मला आजही वाटतं. पण त्या दिवसापासून पहाटे साडेचारला उठून पाणी तापवायचं काम भास्करभाऊंचं झालं आणि ते त्यांनी कधी चुकवलं नाही, हेही खरं.

गरम पाणी डॉक्टरांनी सांगितलेलं. धोपाटणं त्यांचं स्वतःचं. बोटं थोडी सुटली की पहाटे पाचला त्या मोरीत बसून कपडे धोपटत. धुतलेलेसुद्धा. सगळी वस्ती जागी होई. शेजारणी भांडायला आल्या तर, "या, तुमचेबी आना," म्हणाल्या. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते चांगलेच रागावले. सांधे हलवा, आपटू नका, दहा वेळा सांगितलंय, असं ओरडले. "मंग मी कोनाला मारू?" ताईंनी विचारलं. दोन महिने धोपाटणं बंद होतं, मग पुन्हा सुरू झालं.

एकदा मात्र त्या फसल्या. आमच्या पॅकिंगमधला एक जण कुठल्या वैद्याची पुडी विकायचा. दोन दिवसांत गुण येतो म्हणून ताईंनी डॉक्टरांची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी बंद केली आणि पुडी धरली. खरंच गुण आला. महिनाभर त्यांनी कुणावर हात उचलला नाही. आम्ही सगळे त्या वैद्याचे आभार मानत होतो. मग चेहरा सुजला, रक्तदाब चढला, आणि डॉक्टरांनी पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असतं असं सांगितलं. गुण तेवढ्यापुरताच, आतला रोग मोकळाच राहिला होता. उजव्या हाताचं मधलं बोट त्या महिन्यात वाकलं ते वाकलंच. ताई थेट पॅकिंगमध्ये गेल्या. त्या माणसाला भिंतीशी दाबून उरलेल्या पुड्या कागदासकट त्याच्या तोंडात कोंबल्या. आम्ही चौघींनी ओढलं तेव्हा सुटल्या. त्यानंतर बाथरूममध्ये जाऊन त्या ते वाकडं बोट दुसऱ्या हातानं सरळ करायचा प्रयत्न करत राहिल्या. मी दारात उभी होते. एवढी रडलेली बाई मी त्यांच्याआधी पाहिली नव्हती.

आता सोनालीचं सांगते.

सोनाली बागुल माझ्याच तालुक्यातली, कळवणच्या पलीकडच्या गावची. एकोणीस वर्षांची, कंत्राटी, गावाकडच्या दोघींबरोबर सिडकोत खोली घेऊन राहणारी. लग्न ठरलेलं. कामाला सरळ, बोलायला कमी. एके दिवशी सकाळी सव्वासातला ताई लाइनवरून फिरत असताना सोनालीच्या प्रेससमोर थांबल्या. डावं बटण बांधलेलं होतं. काळी रबरी पट्टी लख्ख दिसत होती. ताईंनी खांदा धरून पोरीला वळवलं आणि दिली ठेवून. ती मागच्या पितळी तुकड्यांच्या ट्रेवर जाऊन आदळली. ओठ फुटला. ट्रे कलंडून सगळे तुकडे फरशीवर सांडले.

"बोटं जड झालीत का तुला? तासाला नग पायजेत?"

सोनाली उठायला बघत होती, पण तिला उठता येईना. फरशीवर तळवे टेकता येत नव्हते. ती कोपरांवर भार देऊन उठत होती. ताईंचा दुसरा हात वर गेलेला तसाच राहिला.

"हात दाखव."

"ताई, परत नाय करणार."

"हात दाखव म्हनते ना."

दोन्ही हातांची मधली बोटं मुळाशी सुजून चकचकीत झाली होती. दोन्हीकडे सारखीच. मूठ अर्धी मिटलेली, उघडतच नव्हती. "सकाळी उघडत नाय," सोनाली रडत म्हणाली. "नऊ वाजेपर्यंत. डाव्या हातानं बटण दबतच नाय ताई, म्हणून बांधलं. नंतर सोडते मी, आईशप्पथ सोडते."

तिनं बटण नगांसाठी बांधलं नव्हतं. आणि जगात ज्या एका बाईला सकाळची ती आवळलेली मूठ ओळखता यायला हवी होती, तिनंच तिला मारलं होतं. ताईंचा चेहरा मी त्या वेळी पाहिला आणि पाहिला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. त्यांनी पट्टी ओरबाडून काढली आणि कोटाच्या खिशात घातली. सोनालीला दंडाला धरून बाथरूममध्ये नेलं, बादलीत पाणी ओतलं, तिचे हात पाण्यात दाबून धरले आणि विचारलं, "किती म्हैने झाले?"

"तीन."

"तीनच ना? नक्की तीन?" त्या तिला गदागदा हलवत होत्या.

माझंही यात पाप आहे. ती पट्टी मला आदल्या दिवशीच दिसली होती. नग बरोबर उतरत होते म्हणून मी बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

थप्पड कुणीतरी मोबाइलमध्ये टिपली होती. कंत्राटदारानं तक्रार केली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं, साक्षीला मी. साहेबांनी विचारलं, का मारलं? ताईंना खरं सांगणं सोपं होतं. बटण बांधलेलं, हा पुरावा खिशात. पण मग बटण बांधणारी पोर त्याच दिवशी बाहेर, आणि हात दुखतात हे कळलं तर दुसरी कंपनीही घेणार नाही. लग्न ठरलेल्या घरी बातमी पोचणार ती वेगळीच.

"मस्ती आली अंगात," ताई म्हणाल्या. "मारलं."

"कारण काय?"

"कारन काय लागतं? माझा सभाव हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ताईंनीही पाहिलं. ती नजर अशी होती की मी "मला नीट दिसलं नाही" एवढंच बोलले. चौकशी पूर्ण होईपर्यंत ताईंना घरी बसवलं. बाहेर पडताना मी त्यांच्यावर चिडले, ओरडलेच. वीस वर्षांची नोकरी अशी घालवतात का? तर म्हणाल्या, "बरं झालं. आता डॉक्टरकडं न्यायला येळ मिळंल."

डॉक्टरांनी सोनालीला तपासलं, रक्त घेतलं, आणि पुन्हा तेच म्हणाले, फार लवकर आलात. आत्ता औषध सुरू केलं तर हात वाचतील. महिन्या-महिन्याला रक्त तपासायचं, गोळी सोडायची नाही, लग्नानंतर मूल हवं असेल तेव्हा आधी विचारायचं. सोनालीनं मान डोलावली आणि दोन दिवसांनी वडील येऊन तिला गावी घेऊन गेले. खोलीतल्या एकीनं घरी फोन केला होता. गोळ्यांचं पाकीट खोलीवरच राहिलं.

सुट्टीच्या दिवशी ताई आणि मी भास्करभाऊंच्या टेंपोतून तिच्या गावी गेलो. तिचे वडील, बागुलदादा, कोबीला पाणी देत होते. माझ्याशी ते आमच्या अहिराणीत बोलले: "पोरनं लगीन शे, ताई. दोन महिनामा." लग्न होऊ द्या, मग काय औषध करायचं ते तिच्या घरचे बघतील, असं त्यांचं म्हणणं. बोलणं शांत होतं आणि चेहरा घाबरलेला. माझी समजूत घालायची हातोटी मी दहा मिनिटं वापरून पाहिली. मग ताई पुढे झाल्या आणि त्यांनी बागुलदादांच्या शर्टाची गच्ची धरली.

"चल."

"सोडा, बाई."

"चल म्हनते ना."

त्यांनी ताईंना ढकललं. ताई वाफ्यात पडल्या, चिखलानं माखल्या, उठल्या आणि पुन्हा गच्ची धरली. त्यांनी पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा ताईंनी त्यांच्या दंडाला चावा घेतला. मी खोटं सांगत नाही, खरोखर चावा घेतला. शेजारच्या शेतातले लोक धावले, सोनाली घरातून "ताई, नको" असं ओरडत आली. बागुलदादा कसे टेंपोत बसले ते मला नीट आठवत नाही. लाजेनं बसले असावेत. ताईंनी भास्करभाऊंना टेंपो थेट दोन तासांवर लासलगावला, आईच्या घरी न्यायला लावला.

ताईंच्या आई पत्र्याच्या घरात बाजेवर बसल्या होत्या. "माय, यांना च्या दे," ताई म्हणाल्या. आम्ही मी करते, मी करते म्हणत होतो. ताईंनी सगळ्यांना जागच्या जागी बसवलं. म्हातारीनं दोन मनगटांमध्ये पातेलं धरलं. पाणी सांडलं. साखरेच्या डब्याचं झाकण दातानं काढलं. बोटं तळहातात शिरलेली, अंगठे उलटे वळलेले. कप दोन्ही मनगटांत दाबून ती एकेक पाऊल टाकत बागुलदादांसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी कप घेतला नाही, ते म्हातारीच्या हातांकडेच बघत राहिले.

"घे बाबा, भाजतंय," म्हातारी म्हणाली. मग लेकीच्या चिखलाच्या लुगड्याकडे आणि त्यांच्या फाटलेल्या शर्टाकडे बघून तिला सगळं समजलं असावं. "मला अशी कोनी वढत नेली नाय," ती म्हणाली. "समदे लय चांगले व्हते."

परतताना बागुलदादा पुढे बसले होते. कळवण यायच्या आत मागे वळून मला म्हणाले, "गोळी कोणत्या वारी असते?"

सोनाली परत नाशिकला आली, दुपारच्या पाळीला लागली, गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही आठवडे फार वाईट गेले. गोळीच्या दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या, तोंडात फोड. ताई तिच्या खोलीवर जाऊन बसत, तिनं गोळी टाळली तर नाक दाबून तोंडात टाकत. दीड महिन्यानं सूज उतरायला लागली. आणि त्याच सुमाराला मुलाकडच्या कुणीतरी तिला दवाखान्याच्या दारात पाहिलं. विचारपूस झाली. सोनाली लग्नाच्या बोलण्यांसाठी चार दिवस गावी गेली होती, तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी लग्न मोडलं.

पगारेताईंना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी. चौकशीचा निकाल लागला होता. नोकरीवरून कमी केल्याचं पत्र घ्यायला त्या आल्या होत्या. लासलगावला आईकडेच राहायला जायचं त्यांनी ठरवलं होतं. मी त्यांचा कोट, चपला, डबा असं लॉकरमधलं सामान पिशवीत घालून गेटपर्यंत आले. दुपारी तीनची वेळ, पाळी बदलत होती, गेटसमोर शे-दोनशे माणूस.

बागुलदादा गर्दीतून आले. मी त्यांना ओळखेपर्यंत त्यांनी ताईंच्या कानशिलात भडकावली होती.

"तुझ्यामुळं मोडलं! तुझ्यामुळं!"

ताईंनी पहिल्यांदा काय केलं असेल तर दोन्ही हात पाठीमागे नेले. मला वाटलं, त्या हात उगारायला मागे घेतायत. नाही. त्यांनी ते पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले, मारात सापडू नयेत असे, आणि तोंड पुढे केलं. दुसरी बसली. वॉचमन काठी घेऊन धावला. "मधी येऊ नको!" त्या त्याच्यावर ओरडल्या. तिसरी ओठावर बसली आणि रक्त आलं. मी पिशवी टाकून बागुलदादांचा हात धरला.

"उद्यापासून तिची कंपनी बंद," ते ओरडत होते. "गोळ्या बंद. दवाखाना बंद. कोण करणार आता तिच्याशी लग्न? तू करणार?"

"झालं मारून?"

त्यांनी माझ्या पकडीतला हात सैल सोडला.

"चार दिस पोरगी घरी व्हती ना?" ताईंनी विचारलं. "सकाळच्या भाकरी कोनी थापल्या?"

बागुलदादांनी मान फिरवली.

"मी इचारते. तुझ्या घरी आज सकाळी भाकरी कोनी थापल्या?"

"तिनंच," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "सकाळी सहाला. तिनंच थापल्या."

ते तिथंच गेटच्या कडेला खाली बसले आणि डोकं धरून रडायला लागले. लोक पांगले. ताई त्यांच्यापुढे उभ्या होत्या.

"सोमवारी तिचं रक्त द्यायचंय," त्या म्हणाल्या. "तू आनतो का मी न्यायला येऊ?"

बागुलदादांनी डोळे पुसले. मग खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

"नऊला. उशीर करू नको, लय गर्दी असती."

तोंडातलं रक्त रस्त्यावर थुंकून त्या चालायला लागल्या. हात अजून पाठीमागेच होते.